शेगड्यातली बंदूक

आमचे हे पोलिसात हवालदार होते, पण नाक्यावर काठी घेऊन उभं राहायची ड्यूटी त्यांना कधी नव्हती. त्यांच्याकडे शस्त्रागार. बंदुका पुसायच्या, तेल द्यायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं. नायगावच्या पोलीस लाइनीत आमची एक खोली होती आणि तिथून शंभर पावलांवर शस्त्रागाराचा व्हरांडा. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीतून तिथं आले तेव्हा आई म्हणाली होती, "काय गो, बंदुकांच्या घरात पडलंस!" मी म्हटलं होतं, गिरणीच्या भोंग्यापेक्षा बरं. तेव्हा काय कळत होतं मेलीला!

यांनी स्वतःच्या हातानं एक लाकडी घोडा बनवला होता, हे त्याला शेगडा म्हणायचे. बंदूक साफ करताना ती घट्ट धरून ठेवायला. सागाची लांब फळी, तिच्या पुढच्या बाजूला एक खुंट, त्याला वर खाच. त्या खाचेत बंदुकीची नळी टेकायची. मागे लोखंडी पकड, दांडा फिरवला की तिचे दोन जबडे आवळत आणि दस्ता त्यात धरला जाई. लोखंडानं लाकडावर वण पडू नयेत म्हणून जबड्यांना अस्तर हवं होतं. ते मी शिवलं. सासऱ्यांनी गावाहून दिलेली नवी कोरी घोंगडी यांनी कात्रीनं कापली तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन बसले, करते काय?

पुढचा खुंट जरा बुटका ठेवलेला. का, तर मागून ओतलेलं पाणी नळीच्या तोंडातून खाली बादलीत पडावं, मागे लाकडात मुरू नये. यांचं एक म्हणणं असे. बंदूक मांडीवर घेऊन पुसली की माणूस घाई करतो, शेगड्यात धरली की तीच तुम्हाला घाई करू देत नाही. जेवतानासुद्धा हेच ऐकायचं. मी म्हणायची, "मलाही एकदा शेगड्यात धरा, म्हणजे माझ्याकडे तरी नीट बघाल." हे हसायचे. हसले की बरे दिसायचे.

खंडेनवमीला लाइनीतल्या आम्ही बायका त्या शेगड्याचीच पूजा करायचो. त्यात एक बंदूक आवळून उभी करायची, झेंडूची माळ, हळदकुंकू. लाकडावरचा कुंकवाचा डाग कधी गेलाच नाही. धाकटे दीर नुकते भरती झाले होते, त्या वर्षी मी त्यांच्या बंदुकीच्या पट्ट्याच्या कडीला देवीचा लाल दोरा बांधला. हे रागावले. म्हणाले, तपासणीला साहेब बघेल. मग स्वतःच तो दोरा पट्ट्याच्या आत सारून ठेवला, दिसणार नाही असा.

हे भाऊजी आमच्याच खोलीत राहायचे. एकवीस-बावीसचं वय, जेवायला बसले की भाकऱ्या मोजायच्या नाहीत. माझा भाऊ त्यांच्याच वयाचा, लालबागच्या गिरणीत मागावर होता. रविवारी तो यायचा आणि दोघं कॅरम मांडून बसायचे. भाऊजी त्याला मुद्दाम "या मेव्हणे, या" म्हणायचे, आणि तो म्हणायचा, "मेव्हणा तुझ्या दादाचा, तुझा कसला रे?" तेव्हा सगळीकडे एकच विषय, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. भाऊ तावातावानं बोलायचा आणि भाऊजी गप्प बसून सोंगटी मारायचे. एकदा मात्र म्हणाले, "मला काय मुंबई नको आहे का रे? पण मला ओरडायला बंदी आहे." त्यावर आम्ही सगळेच हसलो होतो.

मग ते दिवस आले. मोर्चे, दगड, अश्रुधूर. बस बंद, गिरण्या बंद. त्या दिवशी दुपारपासून लांबून फटफट आवाज येत होते. लाइनीतल्या पोरी म्हणाल्या, फटाके. मी शस्त्रागारवाल्याची बायको, मला फटाका आणि बंदूक यांतला फरक सांगायला नको होता.

उन्हं उतरायच्या सुमारास गाड्या भरून बंदुका परत आल्या. माणसं तिकडेच, बंदुका बदलून दिलेल्या. हे धावत आमच्या दारात आले. "बंब पेटव. लाइनीतल्या सगळ्यांना सांग, बंब पेटवा. उकळतं पाणी हवं, घागरीनं."

हे तुम्हाला सांगायला हवं. गोळी सुटली की नळीत एक खार राहतो आणि तो एका रात्रीत आतून गंज धरवतो. तेलानं तो जात नाही, उकळतं पाणीच लागतं. शस्त्रागारातला बंब एवढासा. एरवी चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या दिवशी तो पुरायचा. त्या दिवशी सगळ्या बंदुका एकत्र आल्या होत्या, झाडलेल्या आणि न झाडलेल्या, म्हणून यांनी ठरवलं की सगळ्याच धुवायच्या. आम्ही बायका कळशा घेऊन व्हरांड्यापाशी रांगेनं. त्यांचा मदतनीस बंदोबस्तावर गेलेला. शेवटी हे मला म्हणाले, "तू नरसाळं धर. साहेब विचारेल तर मी बघतो."

मी पदर खोचला आणि शेगड्यापाशी उभी राहिले. हे बंदूक आवळत, मागचा खटका काढून ठेवत, मी नरसाळं लावून पाणी ओतत असे. वाफ तोंडावर यायची. न झाडलेल्या बंदुकीतून येणारं पाणी स्वच्छ, वर नुसता तेलाचा तवंग. झाडलेल्या बंदुकीतून काळं येतं, आणि एक उग्र वास, नाकात बसतो तो बसतोच. पहिल्या सात-आठ स्वच्छ निघाल्या. मला वाटलं, देव पावला. मग एक काळी. मग दोन स्वच्छ. मग परत काळी. मी विचारलं, "कुठं झालं हो?" हे म्हणाले, "लालबाग." आणि पुढची बंदूक घेतली.

लालबाग म्हणजे माझं माहेर. माझा हात थांबला. हे म्हणाले, "पाणी थंड होतंय." आणि मी, कप्पाळ माझं, ओतलं.

पुढच्या बंदुकीला पट्ट्याच्या आत लाल दोरा होता.

मला आठवतं, मी हसले. म्हटलं, चला, भाऊजींची. ही मी नीट धुते. ते पोर कसलं झाडतंय, झुरळ मारायला घाबरतं. नरसाळं लावलं, पाणी ओतलं, आणि वाकून बादलीत बघितलं. काळं पाणी आलं. थोडंथोडकं नाही, शाईसारखं. मी परत ओतलं. परत काळं. हे माझ्याकडे बघत होते, मी बघितलंय हे त्यांनी बघितलं.

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी तो दोरा ओढून तोडला आणि बादलीत टाकला. माझ्या माहेरावर चाललेल्या बंदुकीला माझा दोरा नको. हे हळूच म्हणाले, "नळी काळी आहे म्हणजे गोळी सुटली, एवढंच. कुठं गेली ते नळी सांगत नाही." मी म्हटलं, "तुम्ही नका शिकवू मला." आणि उरलेल्या सगळ्या बंदुका मी धुतल्या.

भाऊजी दिवेलागणीला आले. जेवले नाहीत. मोरीत किती वेळ हात धूत बसले होते. मी पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, "झाडलीत?"

"वर झाडली वहिनी," ते म्हणाले. "साहेबांचा हुकूम झाला. समोर माणसं होती, सगळी आपलीच दिसत होती. मी नळी उचलली आणि वर झाडली. एकच. आईशप्पथ." आणि त्यांनी त्या जागेचं नाव सांगितलं. माझ्या माहेरच्या चाळीचाच तो नाका.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मला रडूच आलं. पोरानं माणसं वाचवली. मी त्यांना बळेबळे भात खायला लावला, वर लोणी घातलं. दोरा तोडला म्हणून माझी मलाच लाज वाटली. उद्या नवा बांधीन असं मनाशी ठरवलं.

सकाळी भाऊजी ड्यूटीवर गेल्यावर माहेरच्या शेजारचा एक माणूस दारात आला. भावाला गोळी लागली होती. मांडीत. परळच्या इस्पितळात होता. मी म्हटलं, "मोर्चात गेला होता मेला! सांगितलं होतं मी त्याला." तो माणूस म्हणाला, "नाही ताई, तो कुठला मोर्चात. गिरणी बंद म्हणून घरीच झोपला होता. आवाज ऐकून उठला आणि गॅलरीत आला. दुसऱ्या मजल्यावर, कठड्याशी उभा होता. तिथंच लागली."

मी खाली बसले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मी यांच्याकडे.

यांना इस्पितळात येता येईना. खाकी बघून लोकांनी काय केलं असतं सांगता येत नव्हतं, आणि साधे कपडे घालून यायला रजा नव्हती. मी एकटी चालत गेले. भाऊ पांढराफटक पडलेला. मला बघून हसला, म्हणाला, "ताई, आता कॅरम खेळायला पाय लागत नाही ते बरं." आई खाटेच्या दुसऱ्या बाजूला. ती हसली नाही. तिनं माझा हात धरला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला.

"तुझो दीर थंय होतो. लोकांनी बघल्यानी त्येका. माझ्या झिलाच्या डोक्यार हात ठेवन सांग, त्येणा गोळी झाडल्यान?"

आमच्यात डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं की ज्याचं डोकं त्याचं वाईट होतं. लहानपणापासून हेच ऐकलेलं. माझ्या हाताखाली त्याचे केस घामानं ओले होते. मी एकीकडे ती काळी बादली बघत होते आणि एकीकडे आईचं तोंड. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी माहेर तुटलं असतं. मी म्हटलं, "नाही आई. त्यांनी नाही झाडली."

आईनं माझा हात सोडला. "बरा," म्हणाली, आणि मला चहा प्यायला लावला.

घरी येऊन भाऊजींशीही खोटंच बोलले. हे आणि मी दोघांनी मिळून. भाऊ भोईवाड्याकडच्या गर्दीत होता, तिथं लागली, असं सांगितलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाले, "तरी बरं, आमच्या नाक्यावर नव्हता." यांनी मान फिरवली. मी शेगडीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

भावाची जखम चिघळली. ताप उतरेना, पाय काळानिळा पडला. पाचव्या-सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाय ठेवता येईल का सांगता येत नाही. लोक म्हणत होते, गोळीचं विष. मला माहीत होतं कशाचं विष ते. यांना म्हटलं तर यांचं नेहमीचं सरळ बोलणं, "अगं, शपथेनं पू होत नाही." मी उसळले. "तुम्हाला काय! तुमच्या भावाचे दोन्ही पाय शाबूत आहेत!" असलं बोलले मी त्या माणसाला, ज्यानं आयुष्यात कुणाला दुखवलं नाही. ते उठून व्हरांड्यात गेले आणि शेगड्याच्या पकडीला तेल देत बसले.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेलेली बघून मी भावापाशी बसले आणि त्याच्या डोक्यावरून हात काढून घेतल्यासारखं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मी खोटं बोलले. भाऊजींनीच झाडली. त्यांची नळी मी धुतली, माझ्या हातांनी, पाणी काळं आलं. पण ऐक, माणसांवर नाही झाडली त्यांनी. हुकूम होता तरी माणसांवर नाही. वर झाडली.

तो छताकडे बघत होता. म्हणाला, "किती वर?"

मी त्याच्या पायावरची चादर सारखी करू लागले.

"ताई," तो म्हणाला, "मी वरच होतो गो."

आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं. आई आली तशी मी उठले.

दोन दिवसांत त्याचा ताप उतरला. डॉक्टरांनी औषध बदललं होतं, हे मला नंतर कळलं. पाय राहिला. थोडा लंगडत, पण चालू लागला, गिरणीतही गेला. मला काय हवं होतं? तो जगायला हवा होता, पाय राहायला हवा होता. ते झालं. पण तो माझ्या घरी परत कधी आला नाही. आईला त्यानं काय सांगितलं ठाऊक नाही. ती यायची, माझ्या हातचं खायची, पण भाऊजी घरात आले की उठायची, उशीर झाला म्हणायची.

मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला गुलाल, आमच्या लाइनीतसुद्धा पेढे. भाऊजींनी मला पेढा दिला आणि डोळे पुसले. भावानंही चाळीत पेढे वाटले म्हणे. दोन घरांत एकच आनंद, आणि मी मधे पेढा धरून उभी.

गोळी लागल्यानंतरची पहिली भाऊबीज, आणि त्यानंतरच्या सगळ्या. पहिल्या वर्षी मी ताट करून दिवसभर वाट बघितली. बासुंदी केली होती, त्याच्या आवडीची. तो आला नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आमच्यात तशीच रीत आहे. बीजेची कोर फार वेळ दिसत नाही, सूर्य बुडाला की थोड्याच वेळात तीही बुडते. लाइनीच्या गॅलरीत सगळ्या बायका बघत असताना मी ताट घेऊन धावत गेले आणि त्या कोरीला ओवाळलं. लालबाग तिथून चालत अर्ध्या-पाऊण तासावर, आणि माझा जिवंत भाऊ तिथं. शेजारीण म्हणाली, "अगं, तुझा भाऊ आहे ना?" मी म्हटलं, "आहे. पाय दुखतो त्याचा." काय सांगणार होते मी तिला?

भाऊजी दर भाऊबिजेला मला विचारायचे, "वहिनी, मेव्हणे का येत नाहीत?" लग्न झालं, स्वतःची खोली मिळाली, तरी संध्याकाळी यायचेच, आणि विचारायचेच. मी दर वेळी तेच सांगायची. पाय दुखतो. जिना चढवत नाही. गिरणीत पाळी आहे. मला रागसुद्धा यायचा त्यांना विचारताना बघून. मनात म्हणायची, तुला कळत नाही रे बाबा, बरं आहे, कळू नये.

हे गेल्यानंतरच्या पहिल्या भाऊबिजेची गोष्ट. भाऊजींचेही केस पिकलेले, निवृत्तीला आलेले. बाहेर वारा होता आणि माझी ज्योत विझत होती. भाऊजींनी दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी कोरीला ओवाळलं. आणि त्यांनी परत विचारलं, "मेव्हणे नाही आले?"

माझा तोल गेला. दिवस यांच्या जाण्याचे, त्यात हा प्रश्न. मी म्हटलं, "किती वर्षं तेच विचारणार हो? पाय दुखतो त्याचा!"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "गोळीबार झाला त्याच आठवड्यात मी चाळीत जाऊन बघून आलो होतो. साध्या कपड्यांत. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याच्या खांबाला खरचटलंय, तिथून गोळी आत गेली. चाळीतल्या एका म्हातारीनं दाखवलं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं."

मी त्यांच्याकडे वळले. "मग दर वर्षी विचारता कशाला?"

"तुम्ही एकदा तरी खरं काय ते म्हणाल म्हणून," ते म्हणाले. "दादानं नाही म्हटलं. तुम्ही नाही म्हटलं. माझ्या तोंडावर कुणीच नाही म्हटलं वहिनी. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

इतकी वर्षं मी ज्याला सांभाळत होते तो माणूस असा दर वर्षी माझ्या दारात उभा राहत होता, आणि मी त्याला पाय दुखतो म्हणून परत पाठवत होते. मला त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

मी म्हटलं, "तुमची गोळी माझ्या भावाला लागली, भाऊजी. तुमची बंदूक मी धुतली. पाणी काळं होतं."

त्यांनी मान हलवली. कोर बुडाली होती. ज्योतीभोवतीचे हात त्यांनी काढले नाहीत, मीच म्हटलं, "आता पुरे, भाजेल तुम्हाला."